तोंड न उघडणाऱ्या मुलाचे दात कसे घासायचे

दीड ते तीन वर्षांचं मूल ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटतं, मान फिरवतं, पलंगाखाली जाऊन बसतं. घरात कुणीतरी म्हणतं, ‘हट्टी आहे.’ कुणी म्हणतं, ‘राहू दे, दुधाचेच तर दात.’ या दोन्ही वाक्यांनी नुकसान होतं. दुधाच्या मागच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसरीचौथीतलं मूलसुद्धा पोळी याच दाढांनी चावतं, म्हणजे त्या बरीच वर्षं टिकायला हव्यात. आणि हट्टाचं म्हणाल, तर ब्रशला नकार देणाऱ्या बहुतेक मुलांकडे नकाराचं साधं, शारीरिक कारण असतं. ते सापडलं की अर्धं भांडण तिथेच मिटतं. म्हणून गाणी, गोष्टी, बक्षिसं यांच्याकडे वळण्याआधी तोंडात काय दुखतंय, काय झोंबतंय ते बघू या.

आधी कारण शोधा

स्वतःचा वरचा ओठ वर उचलून आरशात पाहा. ओठाच्या आतल्या बाजूपासून पुढच्या दोन दातांच्या मधल्या हिरडीपर्यंत एक पातळ, मऊ पडदा आलेला दिसेल. लहान मुलांमध्ये तो बराच खालपर्यंत, कधी दातांच्या अगदी जवळ असतो. ब्रशचा कडक कोपरा त्यावर एकदा आपटला की मूल कळवळतं. दुसऱ्या दिवशी ब्रश वरच्या ओठाजवळ आला की तोंड बंद. पुढचे वरचे दात घासतानाच रडू फुटत असेल आणि बाकीचे दात चालत असतील, तर कारण जवळपास नक्की हेच. उपाय एका बोटाचा आहे. डाव्या हाताची तर्जनी वरच्या ओठाखाली, हिरडीवर आडवी ठेवायची. ओठही उचलला जातो आणि तो पडदाही बोटाखाली झाकला जातो. ब्रश बोटाच्या कडेला लागून फिरवायचा. आपलं बोट मऊ असतं, आणि ब्रश निसटला तरी बोटावर येतो, पडद्यावर येत नाही.

दुसरं कारण पेस्ट. मोठ्यांच्या पेस्टमधला पुदिन्याचा, लवंगेचा किंवा ‘ताजेपणा’चा झणका लहान जिभेला तिखटासारखा लागतो. ‘हाय हाय’ करून मूल जीभ बाहेर काढत असेल तर पेस्ट बदला.

तिसरं, येणाऱ्या दाढा. पहिली दाढ साधारण १३ ते १९ महिन्यांत येते, सुळे १६ ते २२ महिन्यांत, आणि सगळ्यात मागची दुधाची दाढ २३ ते ३३ महिन्यांत. काल छान घासून घेणारं मूल आज अचानक गाल धरून रडायला लागलं, तर मागची हिरडी स्वच्छ बोटाने चाचपून पाहा. फुगलेली, कडक लागेल. अशा वेळी फ्रिजमध्ये गार केलेला ओला सुती रुमाल पाच मिनिटं चावायला द्यायचा आणि मग हलक्या हाताने घासायचं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या हिरडीवर बेन्झोकेन (बधिर करणारं औषध) असलेली जेल लावू नये. मेडिकलमधून काही आणण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

चौथं कारण आपल्या घरांमध्ये खूप दिसतं, पण ओळखलं जात नाही, ते म्हणजे चूळ. ‘खळखळून चूळ भर, थुंक, गिळू नकोस’ हा आग्रह दोन वर्षांच्या मुलाला जमणारा नाही. नीट थुंकणं बहुतेकांना तीनच्या आसपास किंवा त्यानंतर येतं. मूल पाणी गिळतं, आपण ओरडतो, आणि त्याच्या लेखी दात घासणं म्हणजे ओरडा खाणं होऊन बसतं. या वयात चूळ लागतच नाही. पेस्ट योग्य मापाची असेल तर उरलेला फेस ओल्या फडक्याने ओठांवरून टिपला की झालं. उलट, दातांवर राहिलेलं पेस्टमधलं थोडं फ्लोराइड, म्हणजे कीड रोखणारा घटक, उपयोगाचंच असतं.

पाचवं कारण वेळ. झोपेने डोळे मिटत असलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घातलं तरी ते रडणारच. याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

काय काय लागतं

ब्रश दोन. एक मुलाच्या हातात, एक आपल्या हातात. मुलाचा ब्रश चावून चावून आठवड्यात फुलोऱ्यासारखा होतो, त्याने काही स्वच्छ होत नाही. तो फक्त हातात धरण्यासाठी. आपला ब्रश खरं काम करतो. तो घेताना पाकिटावर ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ बघा आणि केसांचा भाग लहान बघा, साधारण दीड सेंटिमीटर लांबीचा. दांडा मात्र आपल्या मोठ्या हातात मावेल एवढा लांब हवा. कार्टूनचं चित्र असलेला जाड, आखूड दांड्याचा ब्रश मुलाला आवडतो, पण आपल्या हाताला त्याने मागची दाढ गाठता येत नाही. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा. केस बाहेर वाकले तर त्याआधीच.

बोटावर चढवायचा सिलिकॉनचा ब्रश पहिले पुढचे दोन-चार दात असेपर्यंत ठीक आहे. दाढ आली की तो बाजूला ठेवा. दाढेच्या खाचांत तो शिरत नाही, आणि आपलं बोट दाढांच्या मधे सापडतं.

पेस्ट फ्लोराइडची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ते माप लहान मुलाचं नाहीच. ट्यूबमागचा बारीक मजकूर वाचा. १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असलेली पेस्ट दाण्याएवढ्या मापात वापरली तर एका वेळेला साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड तोंडात जातं, सगळं गिळलं तरी. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड याहून कमी असतं, काहींत अजिबात नसतं. कोणती घ्यायची ते दातांच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठरवा. चव सौम्य हवी, पण खाऊसारखी गोड नको. ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी बेसिनच्या कडेवर ठेवू नका.

पेस्ट ब्रशवर ठेवली की बोटाने केसांच्या आत दाबायची. वर गोळा राहिला तर मूल पहिल्याच झटक्यात तो चाटून गिळतं आणि बाकीचे दात कोरड्या ब्रशने घासले जातात.

बाकी एक छोटं मऊ फडकं आणि अर्धी वाटी पाणी. बेसिन लागत नाही. पाणीकपातीच्या दिवशी, बाथरूममध्ये दुसरं कुणी असताना, किंवा वन बीएचकेच्या अरुंद बाथरूममध्ये स्टुलावर उभं करायची कसरत नको असेल तेव्हा, दात पलंगावर बसूनही तितकेच चांगले घासले जातात. खरं तर पलंगच बरा.

कसं बसायचं

मुलाच्या समोर उकिडवं बसून ‘आ कर, आ कर’ म्हणत ब्रश पुढे नेणं ही सगळ्यात अवघड पद्धत आहे. मान मोकळी राहते, आपला हात दिसतो, आणि आपल्याला आतलं काहीच दिसत नाही.

त्याऐवजी पलंगावर किंवा चटईवर भिंतीला टेकून मांडी घालून बसा. मुलाला उताणं झोपवा, डोकं आपल्या मांडीत, पाय आपल्यापासून लांब. आता आपण त्याच्या डोक्याच्या बाजूने खाली पाहतोय. दातांचे डॉक्टर जसे बसतात, अगदी तसं. वरच्या दातांच्या मागची बाजू दिसते, दाढा दिसतात, डोकं मांडीत स्थिर राहतं. ट्यूबलाइट डोक्यावर येईल अशी जागा निवडा, मोबाइलची टॉर्च मुलाच्या डोळ्यांत मारू नका.

दोन माणसं घरात असतील तर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा. मूल आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, पाय तिच्या कमरेभोवती. मग हळूच मागे झुकवून डोकं बाबांच्या किंवा आजीच्या मांडीत. आई हात धरून त्याच्याशी बोलते, समोरचा माणूस घासतो. मुलाला आईचा चेहरा सतत दिसत राहतो, म्हणून ही बैठक भेदरलेल्या मुलांना जास्त मानवते.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला झोपणं नको असेल तर आरशासमोर त्याच्या मागे उभे राहा. त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकलेलं, डावा हात हनुवटीखाली.

एक गोष्ट मात्र कधीही चालवून घेऊ नका. तोंडात ब्रश ठेवून घरभर पळणं. पडल्यावर दांडा थेट टाळूत घुसतो. ब्रश हातात आला की बसायचं, उठायचं असेल तर ब्रश परत, हा नियम पहिल्या दिवसापासून.

ठाणे ते वाशी, ठाणे ते नेरूळ

दोन वर्षांच्या मुलाला ‘दोन मिनिटं’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की तोंडात काहीतरी सुरू झालंय आणि ते कधी संपणार ते ठाऊक नाही. शेवट दिसत नसला की मोठ्या माणसालाही धीर धरवत नाही. म्हणून घासण्याला ठरलेला शेवट द्यायचा, आणि तो शेवट मुलाला ओळखता आला पाहिजे.

ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलच्या गाडीने जाणाऱ्या घरांना हे सोपं आहे. खालच्या जबड्यात एका टोकाच्या दाढेपासून सुरू करायचं आणि स्टेशनं म्हणत दुसऱ्या टोकाला पोहोचायचं: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. ही नऊ स्टेशनं झाली. एका जबड्यात दुधाचे जास्तीत जास्त दहा दात असतात, त्यामुळे प्रत्येक स्टेशनाला एक दात आणि वाशीला शेवटच्या दोन दाढा, असं बसतं. पुढचे मधले दोन दात म्हणजे घणसोली आणि कोपरखैरणे. वरच्या जबड्यात गाडी नेरूळची: तुर्भ्यापर्यंत तीच, मग जुईनगर, नेरूळ. पुन्हा नऊ. दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आजी-आजोबांच्या यादीत ते बहुधा नसतं. घरात सगळ्यांनी यादी एकच ठेवा. एक स्टेशन गळलं तरी मूल लगेच पकडतं, आणि त्याला ते पकडता येतं म्हणूनच हा खेळ चालतो.

प्रत्येक स्टेशनावर साधारण तीन सेकंद. ब्रश पेन्सिलसारखा बोटांत धरा, मुठीत नाही. मुठीने जोर जास्त पडतो. केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर किंचित तिरके टेकवा, आणि जागच्या जागी बारीक हलवा. पूर्ण जबडाभर इकडून तिकडे करवतीसारखं ओढायचं नाही. कीड सुरू होते ती बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला आणि दाढांच्या खाचांत. दाताचं पांढरं पोट घासून चमकवलं आणि ही कड राहून गेली, तर मेहनत वाया.

जाताना गाडी बाहेरच्या बाजूने. परतीच्या गाडीत आतली बाजू, आणि दाढांवर आलं की चावायचा भागही. चार फेऱ्या मिळून दोन मिनिटांच्या आत सगळं उरकतं. मागच्या दाढेला गाल आड येत असेल तर ‘आ’ थोडं लहान करायला सांगा. फार मोठं ‘आ’ केलं की गाल ताणून दाढेवर चिकटतो आणि ब्रशला जागा उरत नाही. पुढच्या दातांसाठी ‘ई’, दाढांसाठी अर्धं ‘आ’.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठरलेलं शेवटचं स्टेशन आलं की ब्रश तोंडाबाहेर यायलाच हवा. ‘थांब, अजून थोडंसं, इथे राहिलंय’ असं एकदा केलंत की स्टेशनांना अर्थ उरत नाही. काही राहिलं असेल तर राहू दे, उद्या तिथून सुरुवात करा. मुलाचा तुमच्या शब्दावर बसलेला विश्वास एका राहिलेल्या दाढेपेक्षा मोठा आहे.

गाडीचं वेड नसलेल्या घरांत एक ते दहा आकडे चालतात. घरातल्या माणसांची नावं चालतात. काय म्हणताय याला महत्त्व नाही, रोज तेच म्हणताय आणि तिथेच संपवताय याला आहे.

पहिले दहा दिवस

आधीच बिनसलेलं असेल तर एकदम पूर्ण घासायला जाऊ नका. पहिले दोन दिवस फक्त ब्रश मुलाच्या हातात, आणि आपण स्वतः त्याच्यासमोर बसून आपले दात घासायचे. त्याने आपले दात घासून दिले तर उत्तम. बाहुलीचे, अस्वलाचे घासले तरी चालेल. या दोन दिवसांत रात्री झोपण्याआधी ओल्या फडक्याने पुढचे दात पुसून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांडीत झोपवून, पडद्यावर बोट ठेवून, फक्त वरचे पुढचे चार दात. पाच मोजा, बाहेर काढा, संपलं. वरच्या पुढच्या दातांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. खालच्या पुढच्या दातांना जीभ झाकते आणि तिथे लाळ सतत वाहत असते. वरच्यांना ते संरक्षण नाही, म्हणून दूध पिणाऱ्या मुलांत कीड बहुतेक तिथेच आधी लागते.

पाचव्या ते सातव्या दिवशी खालच्या जबड्याची बाहेरून एक फेरी, वाशीपर्यंत. आठव्यापासून दोन्ही जबडे. आतली बाजू त्यानंतर. एखाद्या दिवशी मूल मागे गेलं तर एक पायरी खाली या. सगळं सोडून देऊ नका, पण पुढेही ओढू नका. पहिला आठवडा घासणारा माणूस एकच असू दे. रोज वेगळा हात, वेगळा जोर, वेगळी बैठक असेल तर सवय बसत नाही.

घासायचं की नाही हे मुलाला विचारू नका. ‘ब्रश करायचा का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येतं आणि मग आपणच ते मोडतो. निवड दुसरीकडे द्या: निळा ब्रश की पिवळा? पलंगावर की चटईवर? आज गाडी आधी वाशीची की नेरूळची? आईने घासायचे की आजीने, ही निवड पहिला आठवडा संपल्यावर. एका वेळी दोनच पर्याय.

शेवटी त्याचा ब्रश त्याला द्यायचा आणि ‘आता तू’ म्हणायचं. आपण आधी, तो नंतर. उलट केलं तर आपली पाळी येईपर्यंत त्याचा धीर संपलेला असतो. मुलाने स्वतः घासले म्हणून आपण घासायचे सोडू नका. हात नीट वळायला सात-आठ वर्षं वय व्हावं लागतं, तोपर्यंत मोठ्यांचा हात लागतोच.

रात्रीची वेळ

दिवसातून दोनदा घासायचेत, पण एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची ठेवा. झोपेत लाळ फार कमी होते. दातांवर राहिलेलं गोड रात्रभर तिथेच राहतं आणि धुऊन काढायला काही नसतं.

आपल्याकडे अडचण घड्याळाची आहे. आईबाबा ऑफिसमधून साडेआठ-नऊला घरी पोहोचतात, जेवण साडेनऊला, आणि मूल ताटावरच पेंगायला लागतं. अशा घरात ‘झोपताना ब्रश’ जमत नाही, मग रोज रडारड. उपाय म्हणजे ब्रश झोपेपासून तोडून जेवणाला जोडायचा. मुलाचं जेवण आजीकडे आठला होत असेल तर साडेआठला, मूल अजून खेळत असताना, आजीनेच घासायचे. दूध प्यायचं असेल तर तेही जेवणानंतर लगेच, घासण्याआधी. दूध पिऊन वीस-पंचवीस मिनिटं थांबा, भरल्या पोटी लगेच घासलं की उलटी होऊ शकते. नंतर फक्त पाणी.

इथेच घात होतो. आजीने साडेआठला दात घासलेले असतात, नऊला बाबा येतात आणि स्टेशनवरून आणलेली चिक्की किंवा बिस्किटाचा पुडा पिशवीतून निघतो. मूल वाटच बघत असतं. आणायला हरकत नाही, पण तो खाऊ डब्यात जातो आणि सकाळच्या नाश्त्यानंतर मिळतो. रोज तसंच होतंय हे कळलं की मूल आठवडाभरात ते मान्य करतं.

रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं दातांसाठी सगळ्यात वाईट. एकदम बंद केलीत तर सगळी सोसायटी जागी होईल, म्हणून आधी साखर कमी करा. दोन चमचे असेल तर चार दिवस दीड, मग एक, मग अर्धा, मग नाही. त्यानंतर दुधात दर दोन-तीन रात्रींनी थोडं थोडं पाणी वाढवत बाटली नुसत्या पाण्यावर आणा. अंगावर पिणाऱ्या मुलाचं दूध यासाठी तोडायची गरज नाही. झोपण्यापूर्वीचे दात मात्र नीट घासलेले हवेत.

रविवारी डोंबिवलीला मामाकडे किंवा पनवेलला आत्याकडे गेलात आणि परतताना मूल गाडीत झोपलं, तर झोपलेल्याला उठवून घासू नका. निघण्याआधी, तिथेच, सगळ्यांचा निरोप घेताना घासून घ्या. त्यासाठी एक ब्रश बॅगेत कायम ठेवा. गणपतीत, जिथे दिवसभर मोदक, पेढे, पंचखाद्य हातावर पडत असतं, तिथेही हेच.

तोंड उघडतच नसेल तेव्हा

जबडा जबरदस्तीने उघडायचा नाही. नाक दाबायचं नाही. ही भीती पुढे बरीच वर्षं दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत जाते.

त्याऐवजी स्वच्छ तर्जनी ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या आत सरकवा, दातांच्या बाहेरच्या बाजूने, गाल आणि हिरडी यांच्यामधून, अगदी शेवटच्या दाढेच्या मागे. तिथली मऊ हिरडी हलकेच दाबली की तोंड आपोआप उघडतं. बोट दातांच्या बाहेरच ठेवा, मधे आणू नका. नखं कापलेली हवीत.

आजारी, चिडलेला, पाहुण्यांनी दमलेला दिवस असेल तर थोडक्यात घासणं: वरच्या पुढच्या दातांची हिरडीकडची कड आणि चारही बाजूंच्या दाढांच्या खाचा. वीस सेकंद. मूल रडत असेल तर त्याला शांत आवाजात सांगत, घाई न करता एवढं उरका आणि लगेच उचलून घ्या. रडताना तोंड उघडं असतं, त्यामुळे काम होतं. पण रोज रडूनच होत असेल तर पहिल्या भागात परत जा. कारण अजून सापडलेलं नाही.

ओकारी येत असेल तर झोपवू नका, बसवूनच घासा. ब्रश जिभेच्या मागच्या भागाला लागू देऊ नका, बाहेरच्या बाजूने दाढेपर्यंत जा, आणि मुलाला ‘हाऽऽ’ करून श्वास सोडायला सांगा.

हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून घासणं थांबवलं जातं, आणि नेमकं ते चुकतं. हिरडी सुजते ती बहुधा तिथे साचलेल्या थरामुळे. मऊ ब्रशने रोज घासलं की काही दिवसांत रक्त थांबतं. आठवडा उलटूनही येत असेल तर दाखवा.

मोबाइलवर व्हिडिओ लावून घासायची सवय आम्ही सुचवत नाही. मूल शांत राहतं हे खरं, पण नजर पडद्याला चिकटते, हनुवटी छातीशी येते आणि वरच्या दाढा दिसेनाशा होतात. शिवाय चार्जिंग संपलं की दात नाहीत.

घरातली बोलणी

‘दातात किडा आहे, तो तुला खाईल’ हे मूल शब्दशः घेतं. काही मुलं त्या किड्याला घाबरून रात्री रडतात. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे तर अजिबात नको, कारण कधी ना कधी त्याच डॉक्टरांकडे न्यायचं आहे. सांगायचंच असेल तर खरं सांगा: दाताला पोळी चिकटली, बघ, आपण काढून टाकू. आणि घासून झाल्यावर बक्षीस म्हणून चॉकलेट देऊ नका. गोष्ट वाचा, टेरेसवर एक चक्कर मारा.

आजी घासणार असेल तर तिला हे माप, बैठक आणि स्टेशनांची यादी एकदा करून दाखवा, नुसती सांगू नका. जुन्या घरांत राखुंडी, कोळशाची पूड, लाल दंतमंजन यांची सवय असते. ती खरखरीत असतात, दुधाच्या दातांचं पातळ आवरण झिजवतात. मशेरी तर तंबाखूच आहे. ती मुलाच्या हिरडीला बोटभरसुद्धा लागता कामा नये, दुखऱ्या दाढेवर उपाय म्हणूनही नाही. हे आजीशी प्रेमाने पण स्पष्ट बोला.

पाळणाघरात दात घासून घेण्याची अपेक्षा ठेवू नका. तिथल्या ताईंना एवढंच सांगा की दुपारच्या खाण्यानंतर दोन घोट पाणी पाजा. दुधात बुडवलेलं बिस्किट दाढेच्या खाचेत तासन्‌तास अडकून राहतं. पाण्याने त्यातलं थोडं तरी निघतं.

औषधांकडेही लक्ष असू द्या. खोकल्याची, अँटिबायोटिकची सिरप गोड असतात. रात्रीचा डोस घासण्याआधी द्या, किंवा नंतर द्यावा लागला तर पाणी पाजा. लोहाच्या सिरपने दातांवर काळे डाग येतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप देतात, त्याचेही येऊ शकतात. ते कीड नाही, सिरप थांबवू नका. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा. डाग डॉक्टर साफ करून देतात.

ओठ उचलून पाहणं

महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, वरचा ओठ उचलून पुढच्या चार दातांकडे बघा. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती कीड सुरू होण्याची खूण आहे. ती नीट दिसावी म्हणून दात आधी फडक्याने कोरडा पुसा, ओल्या दातावर ती लपते. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. घासणं सुधारलं, रात्रीचं गोड थांबलं आणि डॉक्टरांनी फ्लोराइडचा लेप लावला तर ती तिथेच थांबू शकते. तपकिरी झालं, खड्डा पडला, मूल एकाच बाजूने चावू लागलं, की ब्रशने भागत नाही.

पहिली तपासणी पहिला वाढदिवस होण्याआधी, किंवा पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत व्हावी. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा नेलं तर खुर्ची आणि दुखणं यांची गाठ मुलाच्या मनात पक्की बसते. एम.डी.एस. (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करून बालदंतशास्त्रात काम करणारे डॉक्टर ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत. त्याशिवाय नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला भारती विद्यापीठ आणि येरळा, कामोठ्याला एमजीएम अशी दंत महाविद्यालयं आहेत, आणि दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली तर नेरूळ, खारघर आणि कामोठ्यासाठी मानसरोवर, तिन्ही एकाच मार्गावर.

भेटीची वेळ सकाळची, मूल झोपून उठल्यावर आणि थोडं खाऊन झाल्यावरची घ्या. आदल्या दिवशी एवढंच सांगा की उद्या डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत. दुखणार नाही, घाबरू नकोस, असं काही जोडू नका, त्याने दुखण्याची कल्पना आधीच मनात येते. बॅगेत घरचा ब्रश आणि घरी वापरत असलेली पेस्टची ट्यूब ठेवा. तुम्ही मुलाला मांडीत झोपवून कसं घासता ते डॉक्टरांसमोर करून दाखवा आणि कोणती जागा हातून सुटतेय ते त्यांच्याकडून बघून घ्या.